धक्का न देणारा भूकंप

सेलूच्या शाळेचे पटांगण दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, असे आपण वर्गात सांगितले तर मुले हसतील. पण भारतीय भूपट्ट खरोखरच या गतीने सरकत आहे. ते जाणवत नाही, कारण सेलू, परभणी, मनमाड हे सारे एकाच डब्यातले प्रवासी आहेत. त्यांच्यातले अंतर बदलत नाही.

भूपट्टांच्या सीमेवर मात्र तसे नसते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सागरतळाचा भूपट्ट जमिनीच्या भूपट्टाखाली शिरतो. जेथे दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात, तेथे वरची जमीन आत रेटली जाते आणि ताण साठतो. तो एकदम सुटला की मोठा भूकंप होतो. पण अडकलेल्या भागाच्या खाली, ३० ते ४० किलोमीटर खोलीवर, हीच घसरण कित्येक आठवडे सावकाश चालते. वर कोणालाही धक्का जाणवत नाही.

मग ती कळते कशी? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवतात. संदेशाला लागलेल्या वेळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की अंतर मिळते. मोबाइलमधल्या मापनात काही मीटरची चूक राहते. खडकात पक्का रोवलेला रिसीव्हर मात्र दोन वारंवारतांवर दिवसभर नोंदी घेतो. वातावरणामुळे येणाऱ्या चुका वजा केल्या की स्थान काही मिलिमीटरपर्यंत अचूक मिळते.

१९९९ साली तेथील सात केंद्रे काही आठवडे नेहमीच्या उलट दिशेला, म्हणजे समुद्राकडे, काही मिलिमीटर सरकली. ड्रॅगर्ट, वांग आणि जेम्स यांनी २००१ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. पुढे दिसले की ही घसरण सुमारे १४ महिन्यांनी पुन्हा पुन्हा होते. केंद्राच्या स्थानाचा आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. विद्यार्थ्यांकडून तो फळ्यावर काढून घ्यावा.

यामुळे धोका टळतो का? नाही. वरचा भाग अडकलेलाच राहतो आणि त्यावरचा ताण थोडा वाढतो. तरीही मोठ्या भूकंपाचा दिवस सांगता येत नाही.

मराठवाड्यात मुले विचारतीलच, ‘३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप असा आधी कळला असता का?’ किल्लारी भूपट्टाच्या सीमेवर नाही, अंतर्भागात आहे. येथे ताण इतका सावकाश साठतो की जीपीएसलाही तो जेमतेम दिसतो. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तो परभणी जिल्ह्यातही जाणवला. किल्लारीत दगडमातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसे गेली. तेव्हा आपल्या भागात भूकंपाच्या तारखेची वाट पाहण्यापेक्षा घराची भिंत पक्की बांधणे हेच शहाणपणाचे.