डिझाईनचा संगणक बदलताना पैसा कशावर घालावा?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा पाठिंबा थांबविला आणि जळगावच्या गोलाणी मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत जुन्या संगणकांचे मालक चिंतेत पडले. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. दारांवर नक्षी कोरणारे, ग्रिल-गेट बनविणारे, साचे काढणारे आपले अनेक कारागीर बंधू आता ऑटोकॅडसारख्या प्रणालीवर काम करतात. दुकानदार त्यांना एकच सल्ला देतो, "सगळेच बदलून टाका." आमचे मत वेगळे आहे.

धुळ्याचे एक सुतारकाम करणारे बंधू आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी महागडे गेमिंग कार्ड असलेला नवा संगणक घेतला व जुना बदल्यात देऊन टाकला. कारखान्यात येऊन पाहतात तो सीएनसी राउटर हलेना! राउटर मॅक-३ प्रणालीवर, प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टमधून चालत होता. त्या पोर्टचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटच्या विंडोजवर चालतो आणि विंडोज ११ तर ६४ बिटचीच येते. लग्नसराईचे दिवस, कपाटांच्या ऑर्डरी अंगावर, आणि यंत्र बंद. अखेर भंगारवाल्याकडून एक जुना संगणक शोधून आणला तेव्हा काम सुरू झाले.

म्हणून पहिली गोष्ट ही की नकाशा काढण्याचा संगणक वेगळा व यंत्र चालविण्याचा वेगळा समजावा. जुन्या राउटरमध्ये पीसीआय कार्ड बसविलेले असेल तरी हीच अडचण येते, कारण नव्या मदरबोर्डांवर ती जागा सहसा नसतेच. जुना संगणक विकू नये. त्याचे इंटरनेट तोडावे, फाईल पेनड्राईव्हने न्यावी व तो यंत्राजवळच ठेवावा. ज्यांचा राउटर हातातल्या कंट्रोलरवर पेनड्राईव्ह लावून चालतो, त्यांना ही काळजी नाही.

आता नव्या संगणकाबद्दल. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या कामातला सर्वांत जड नकाशा उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. समोर येणाऱ्या खिडकीत मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली दिसली तर रॅम कमी पडते आहे. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर असेल तर जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी घालावी. तेवढ्यानेच पुष्कळांचे काम भागते. परीक्षा फुकटची आहे, पण ती कोणी करीत नाही.

प्रोसेसर घेताना कोअर किती, हे विचारण्यापेक्षा एका कोअरचा वेग किती, हे विचारावे. ऑटोकॅडमधले साधे नकाशाकाम बहुतांशी एकाच कोअरवर चालते. सोळा कोअरचे पैसे भरले तरी पंधरा बसून राहतात. त्रिमितीय चित्राचे रेंडरिंग करून गिऱ्हाईकाला दाखविणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना जास्त कोअर व चांगले कार्ड दोन्ही उपयोगी पडतात. नुसती जाळी, दार, गेट काढणाऱ्याला प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरते. रॅम १६ जीबी घ्यावी, पण एकाच पट्टीची, म्हणजे दुसरी जागा पुढे वाढविण्यास मोकळी राहते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, तेव्हा गरजेपेक्षा जास्त आज घेऊ नये. कार्डाचे वाचलेले पैसे मोठ्या पडद्यावर घालावेत, डोळे दुवा देतील.

खानदेशचा उन्हाळा मात्र विसरून चालणार नाही. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, मग वेगाचे दिलेले पैसे वाया. पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉपपेक्षा हवेशीर डब्याचा डेस्कटॉप बरा. लाकडाचा भुसा पंख्यात बसतो, तो दर आठवड्याला ब्लोअरने काढावा. राउटरची मोटर व संगणक एकाच लाईनवर ठेवू नयेत, अर्थिंग तपासून घ्यावे आणि यूपीएस घ्यावाच. तासाभराचे काम सेव्ह होण्याआधी वीज गेली की काय होते, ते ज्याने भोगले त्याला विचारा.

राहिला पैशांचा प्रश्न. "बिनव्याजी हप्ता" ऐकून पुष्कळजण निश्चिंत होतात. परंतु शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना कळविले होते. हप्त्यात व्याज कोठेतरी दडलेलेच असते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बंधूंनी थोडे थोडे जमवून एकेक भाग बदलावा, किंवा कंपन्यांतून निघालेला आठव्या पिढीपुढचा वापरलेला डेस्कटॉप पाहावा. क्रॅक केलेल्या प्रणालीबद्दलही ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. ऑटोडेस्कने २०१६ पासून कायमचे परवाने विकणे बंद केले व वार्षिक भाडे जड जाते, हे खरे. पण साध्या नकाशांसाठी लिब्रेकॅड मोफत आहे, आणि फ्रीकॅडची १.० आवृत्तीही नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आहे.

बिल पक्के घ्यावे. संगणकावर १८ टक्के जीएसटी असतो. नियमित नोंदणी असलेल्याला तो वजा मिळतो, कंपोझिशन योजनेत असलेल्याला मिळत नाही. भाव विचारताना कर धरून की सोडून, हे आधीच विचारून घ्यावे.