वाटी आणि तराजू

मागील दिवाळीत आमच्या घरी बेसनाचे लाडू करण्याचा बेत ठरला. आईच्या जुन्या वहीत प्रमाण लिहिलेले होते : चार वाट्या बेसन, दीड वाटी तूप. वाटी पाव लिटरची. म्हणजे चार वाट्यांचे एक लिटर, आणि एक लिटर म्हणजे एक किलो, असा हिशेब करून बाजारातून किलोभर बेसन आणले. तूप मात्र वाटीनेच मोजून घातले. लाडू काही केल्या वळेनात. एखादा वळलाच तर हाती घेताच फुटे. दोष वहीचा नव्हता, आमच्या हिशेबाचा होता.

वाटी जागा मोजते. तराजू वजन करतो. एक लिटर म्हणजे एक किलो हे समीकरण पाण्यापुरतेच खरे आहे. २५० मिलिलिटरच्या वाटीत पाणी २५० ग्रॅम मावते. परंतु तेल सुमारे २३०, मध सुमारे ३५०, साखर सुमारे २१०, तांदूळ सुमारे २०० आणि बेसन अवघे ११० ग्रॅमच्या आसपास. तेलाची घनता पाण्याहून कमी, मधाची अधिक. पिठाच्या कणांमध्ये तर पुष्कळशी हवाच असते. म्हणून आमचे किलोभर बेसन चार वाट्यांचे नसून नऊ वाट्यांचे होते, आणि त्याला तूप जवळजवळ साडेतीन वाट्या हवे होते!

हा घोटाळा नवा नाही. आपल्या पूर्वजांचा 'शेर' दोन प्रकारचा होता. धान्याच्या मापात दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली होई. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा असे. नाव एक, अर्थ दोन! भारतात १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला व १ ऑक्टोबर १९५८ पासून ती वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. बाजारातून शेर गेला, परंतु स्वयंपाकघरातील वाटी तशीच राहिली. जुन्या वहीत नुसते 'एक शेर' आढळल्यास तो मापाचा की वजनाचा, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे.

रूपांतराची रीत सोपी आहे. प्रथम रिकाम्या वाटीचे वजन करावे. मग ती पाण्याने काठोकाठ भरून पुन्हा वजन करावे. वजनात जितक्या ग्रॅमची वाढ होईल, तितके मिलिलिटर वाटीत मावतात. नंतर वाटी पुसून, कोरडी करून तांदूळ, रवा, पीठ असा एकेक जिन्नस भरावा व त्यातून रिकाम्या वाटीचे वजन वजा करावे. मात्र माप प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने भरले पाहिजे. शीग लावलेली वाटी व सपाट वाटी यांत बराच फरक पडतो. पीठ भरून वाटी आपटली तर ते खाली बसते व आणखी पीठ मावते. म्हणून तीनदा वजन करून सरासरी घ्यावी.

सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरच्या वाटीचा असा तक्ता करून आई-आजीच्या वहीत चिकटवावा. त्यांच्या हाताला जे प्रमाण सवयीने कळते, ते त्यामुळे पुढच्या पिढीलाही कळेल. यंदाच्या दिवाळीत आमच्या वहीत तो तक्ता होता, आणि लाडू न फुटता डब्यात गेले.