वेगळं होण्याचा हक्क: देश, राज्य, जिल्हा, गाव

9 डिसेंबर 2023 रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने भिवंडी तालुक्यातल्या पडघा-बोरिवलीसह अनेक ठिकाणी छापे घालून 15 जणांना अटक केली. आरोपींनी पडघा हे ‘मुक्त क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं होतं, असा यंत्रणेचा आरोप आहे. आरोप खरा की खोटा हे न्यायालय ठरवील आणि त्यावरून अख्ख्या गावाला बोल लावणं अन्यायाचं होईल. पण या निमित्ताने एक प्रश्न नीट समजून घेता येतो. एखादं गाव, शहर किंवा राज्य ‘आजपासून आम्ही स्वतंत्र’ असं जाहीर करू शकतं का?

थोडक्यात उत्तर असं: देशापासून वेगळं होता येत नाही. देशात राहून वेगळं होण्याची मागणी मात्र खुशाल करता येते आणि तिच्या वाटा कायद्याने आखून दिल्या आहेत. त्या वाटा वरून खाली, पायरीपायरीने पाहू.

पायरी पहिली: देश

राज्यघटनेचं पहिलंच कलम भारताला राज्यांचा संघ म्हणतं. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यामागचं कारण सांगितलं. हा संघ राज्यांनी आपसांत करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही.

1963 मध्ये सोळावी घटनादुरुस्ती झाली. भाषण, सभा आणि संघटना यांच्या स्वातंत्र्यावर देशाच्या सार्वभौमत्वासाठी आणि अखंडतेसाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभा तिने दिली. पुढे 1967 च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याने देशाचा भाग तोडण्याच्या दाव्याला पाठिंबा देणं हेही ‘बेकायदेशीर कृत्य’ ठरवलं.

हे बंधन सरकारवरही आहे. पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा भूभाग पाकिस्तानला देण्याचा प्रश्न आला, तेव्हा साध्या कायद्याने ते जमणार नाही, घटनादुरुस्तीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये सांगितलं.

पायरी दुसरी: वसाहत आणि प्रदेश यांतला फरक

इथे बहुतेकांची गल्लत होते. ‘मग 1947 मध्ये आपण काय केलं?’ असा प्रश्न हमखास येतो. परक्या सत्तेखालच्या वसाहतीला स्वातंत्र्याचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 14 डिसेंबर 1960 च्या ठरावात मान्य केलं. ज्या प्रदेशातले लोक इतरांच्या बरोबरीने मत देतात, निवडून येतात आणि न्यायालयात दाद मागतात, त्याची गोष्ट निराळी आहे.

जुन्या ठाणे जिल्ह्याला लागून असलेल्या दादरा-नगर हवेलीचं उदाहरण घ्या. 1954 मध्ये स्वयंसेवकांनी तिथली पोर्तुगीज सत्ता हटवली. पुढची सात वर्षं तिथला कारभार ‘वरिष्ठ पंचायत’ पाहत होती आणि 1961 मध्ये हा प्रदेश भारतात सामील झाला. हा लढा वसाहतीच्या मुक्तीचा होता. देशातला एखादा जिल्हा फुटून निघण्याला त्याचा दाखला देता येत नाही.

पायरी तिसरी: घोषणेनंतर काय?

घोषणा करणं सोपं, ती टिकणं कठीण. स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या संसदेने 27 ऑक्टोबर 2017 रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच दिवशी तिथल्या केंद्राने प्रांताची स्वायत्तता तात्पुरती काढून घेतली आणि जगातल्या एकाही मोठ्या देशाने कॅटलोनियाला मान्यता दिली नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये क्वेबेकबाबत मधली वाट दाखवली. एकतर्फी फुटण्याचा हक्क नाही. पण स्पष्ट प्रश्नावर लोकांनी स्पष्ट बहुमताने कौल दिला, तर उरलेल्या देशाला बोलणी टाळता येणार नाहीत. स्कॉटलंडने 2014 मध्ये मतदान घेतलं तेही लंडनच्या सरकारशी आधी करार करूनच, आणि लोकांनी ब्रिटनमध्ये राहणं पसंत केलं.

पायरी चौथी: वेगळं राज्य

वेगळ्या विदर्भाची मागणी करणाऱ्याला कुणी फुटीर म्हणालं, तर त्याला थांबवा. राज्य पुनर्रचना आयोगानेच 1955 मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ही मागणी देशाच्या चौकटीतली आहे.

तिची वाट घटनेच्या कलम 3 मधून जाते. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक संसदेत मांडता येत नाही. त्याआधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत देण्यासाठी जातं. नंतर संसद साध्या बहुमताने निर्णय घेते.

चूक होते ती इथे: विधिमंडळाचं मत संसदेवर बंधनकारक असतं, असा समज आहे. तसं नाही. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी 2014 मध्ये विभाजनाचं विधेयक फेटाळलं, तरीही 2 जून 2014 रोजी तेलंगणा अस्तित्वात आलं. आपल्याकडेही हे घडलंय. 1956 मध्ये मुंबई राज्याऐवजी तीन वेगळ्या घटकांचा प्रस्ताव विधिमंडळाकडे आला होता. संसदेने तो बदलून द्वैभाषिक मुंबई राज्य केलं. बाबुलाल पराते यांनी त्याला आव्हान दिलं, पण 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेचा निर्णय वैध ठरवला.

पायरी पाचवी: वेगळा जिल्हा

वेगळा जिल्हा करण्याचा अधिकार राज्य सरकारचा, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालचा. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. आठ तालुके तिकडे गेले. भिवंडीसह सात ठाण्यात राहिले.

लोक सीमेवरून भांडतात आणि मुख्यालयाचा प्रश्न मागे पडतो. पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याच्या माणसाला दाखल्यासाठी किती लांब जावं लागतं, हे मुख्यालय ठरवतं. जव्हारला मुख्यालय व्हावं, अशी डोंगरी भागाची मागणी होती. ते पालघरला झालं.

पायरी सहावी: महापालिका आणि गाव

शेजारच्या कल्याण-डोंबिवलीतली 27 गावं पाहा. 1983 मध्ये ती महापालिकेत गेली, 2002 मध्ये बाहेर आली, 2015 मध्ये पुन्हा आत घेतली गेली. 2020 मध्ये त्यांपैकी 18 गावं वगळण्याचा निर्णय झाला. डिसेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. महापालिकेशी विचारविनिमय करण्याची कायद्यातली अट पाळली गेली नव्हती. मागणी कितीही रास्त असली, तरी एक पायरी चुकली की सगळं मुसळ केरात.

ग्रामसभेच्या ठरावाने गाव हलत नाही, हेही लक्षात ठेवा. सांगलीतल्या जत तालुक्यातल्या गावांनी पाण्यावाचून हैराण होऊन कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांचा हवाला दिला आणि मोठी खळबळ उडाली. सीमा तसूभरही सरकली नाही, पण म्हैसाळ योजनेच्या पाण्याचा विषय मुंबईत ऐरणीवर आला. ठराव ही हाक असते. ती ऐकणं हे सरकारचं काम.

पायरी सातवी: आपला कागद

हद्द बदलायची तर आधी प्रारूप अधिसूचना (कच्चा जाहीरनामा) निघते आणि हरकती मागवल्या जातात. तिच्या अनुसूचीत गावांची नावं असतात आणि चतुःसीमा दिलेल्या असतात. आपल्या गावाचं किंवा पाड्याचं नाव त्यात आहे का, ते स्वतः तपासा.

हरकत लेखी द्या, दोन प्रतींत. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. ‘विरोध आहे’ एवढंच लिहू नका. पाणी कोण देणार, घरपट्टी किती वाढणार, कर्मचारी कुणाकडे जाणार, हे मुद्दे घाला. सुनावणीची तारीख चुकवू नका. बहुतेक हरकती तिथेच निकालात निघतात.

मग हक्क असावा का?

माझं मत स्पष्ट आहे. एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर करण्याचा हक्क कुठल्याही प्रदेशाला नसावा. भिवंडीच पाहा. इथे आगरी, कुणबी, कोळी, आदिवासी आहेत. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर आहेत. तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत. यंत्रमागाला सूत बाहेरून येतं, कापड बाहेर जातं. इथे ‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण, हे ठरवणारा जो कुणी असेल, तो दुसऱ्या कुणाला तरी न विचारता आपल्याच घरात परका करील.

पण विचारलं जाण्याचा हक्क आज आहे त्यापेक्षा कितीतरी बळकट हवा. तो देता येतो, हे 16 जानेवारी 1967 च्या गोव्यातल्या जनमत कौलाने दाखवून दिलंय. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढा एकच प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191. असंख्य मराठी मनांना तो कौल बोचला, तरी महाराष्ट्राने तो मानला. जिल्हा असो, महापालिका असो वा राज्य, हद्द बदलण्याआधी तिथल्या प्रत्येक मतदाराला असाच एक साधा प्रश्न विचारला जावा आणि त्याचं उत्तर पाळलं जावं, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरायला हवी.