होडीतलं पाणी : ४ सेंटीमीटरचा सेन्सर ५० सेंटीमीटरपर्यंत कसा न्यायचा?



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. खलाशी गावी गेलेले, होड्या नदीत बांधलेल्या आणि वरून गोव्याचा पाऊस. हिशेब बघा. ८ मीटर लांब, दीड मीटर रुंद उघड्या होडीत १० सेंटीमीटर पाऊस साठला तर १,२०० लिटर पाणी होतं, म्हणजे एक टनाहून जास्त वजन. वेळेत उपसलं नाही तर होडी तळाला.

बाजारातला छोटा वॉटर लेव्हल सेन्सर स्वस्त आहे, पण त्याच्या तांब्याच्या पट्ट्या जेमतेम ४ सेंटीमीटर. तेवढं पाणी एका सरीत भरतं.

मग पट्ट्यांना लांब तारा जोडल्या तर? आकडा येईल, पण भरवशाचा नाही. खाऱ्या पाण्यातून वीज सहज जाते, पावसाच्या पाण्यातून फार कमी. खोली तीच, आकडा वेगळा! आणि होडीत तर दोन्ही मिसळलेलं असतं.

म्हणून पायऱ्यांची पद्धत बरी:

१. एक पीव्हीसी पाइप घ्या. त्यावर १०, २०, ३०, ४० आणि ५० सेंटीमीटरवर स्टेनलेस स्टीलची एकेक तार बसवा. टोक १ सेंटीमीटर उघडं, बाकी तार झाकलेली.

२. सहावी, सामाईक तार अगदी तळाला. तिला आर्डुइनोच्या एका पिनवरून ५ व्होल्ट द्या.

३. बाकी पाच तारा पाच अ‍ॅनालॉग पिनांना जोडा. प्रत्येक पिनवरून ग्राउंडला १०० किलो-ओमचा रेझिस्टर.

पाणी तारेला लागलं की ती पायरी 'भरली'. किती खारं हा प्रश्न उरत नाही, फक्त लागलं की नाही एवढंच बघायचं. कितीच्या वर 'भरली' धरायचं, ते आधी पावसाच्या पाण्याच्या बादलीत तपासून ठरवा.

तीन गोष्टी विसरू नका. वीज सतत चालू ठेवू नका, दर दहा मिनिटांनी क्षणभर पुरे. नाहीतर तारा गंजून जातात. पाइपवर मिठाचा थर बसला तर खोटी खबर येते, म्हणून गोड्या पाण्याने धूत जा. आणि डिझेलच्या टाकीत हे कधीच घालू नका. डिझेलमधून वीज जात नाही, त्यामुळे माप मिळणार नाही, वर ठिणगीचा धोका.

बझर वाजला तरी उपसायला माणूस लागतोच. त्यामुळे जेटीवर कोणाला सांगून ठेवायचं, तेही आत्ताच ठरवा.