पोक, मणके आणि ‘कट्‌’ असा आवाज

“सरळ बस, पोक काढू नकोस!” हे वाक्य पूर्वी फक्त मुलांना ऐकावे लागे. आता मोबाईलमध्ये मान खुपसून बसलेल्या थोरांनाही ते सांगावे लागते. त्यातच मणके ‘कट्‌कट्‌’ वाजवून पाठ सरळ करणाऱ्या कायरोप्रॅक्टिक उपचाराच्या चित्रफिती हल्ली घरोघरी पाहिल्या जातात. “डॉक्टर, हे करून घेऊ का?” असे रुग्ण मला वारंवार विचारतात.

हा उपचार डी. डी. पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डेव्हनपोर्ट गावी सुरू केला. मणके जागचे हलल्याने बहुतेक रोग होतात, असे त्यांचे म्हणणे होते. वैद्यकशास्त्राला ते मान्य नाही. मात्र प्रशिक्षित हातांनी केलेल्या या उपचाराने काहींची कंबरदुखी कमी होते, साधारण व्यायामाने होते तितकीच. तो ‘कट्‌’ आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा असतो, हाड जागेवर बसल्याचा नव्हे.

आपले डोके साडेचार-पाच किलोंचे असते. ते पुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंवर सतत ताण पडतो. पाठीचे स्नायू दुबळे आणि छातीचे आखडलेले असले तर खांदे पुढे येतात. दुबळा स्नायू झटका देऊन बळकट होत नाही, त्याला रोजचा व्यायामच हवा.

शिवाय प्रत्येक पोक सवयीचे नसते. माझ्याकडे एक तरुण शिंपी आला होता. पाठ वाकली होती आणि दुखत होती. मशीनवर बसून असे झाले, मणके बसवून घेतो, असे तो म्हणाला. चौकशी केली तेव्हा संध्याकाळी कणकण येते आणि वजन उतरले आहे, असे कळले. तपासणीत मणक्याचा क्षय निघाला. अशा पोखरलेल्या मणक्यावर दाब दिला असता तर पाय लुळे पडण्याचा धोका होता. औषधांनी तो बरा झाला. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन मणके दबतात, त्यांनाही झटका देणे धोक्याचे. मानेला झटका दिल्याने रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती विरळा असली तरी गंभीर आहेत.

घरी एवढे करा :

१. भिंतीला टाचा, पाठ व डोके टेकवून उभे राहा. हनुवटी किंचित आत ओढून पाच सेकंद थांबा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ करा.
२. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला.
३. मोबाईल व पुस्तक डोळ्यांसमोर धरा. बसताना कमरेमागे लहान उशी घ्या.

ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणाऱ्या वेदना, हातापायांना मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काहीही असल्यास आधी डॉक्टरांना दाखवा. मुलाचा एक खांदा वर दिसत असेल तरीही दाखवा.

व्यायाम शिकायचा तर पदवीधर फिजिओथेरपिस्टकडे जा. त्यांची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी मानेला झटका देऊ देऊ नका.