अण्णा शेताकडे निघतात तेव्हा



एरवी मी तुमच्याशी कांद्याच्या करप्याबद्दल आणि ठिबकबद्दल बोलतो. आज घरातली गोष्ट सांगतो. ती आम्ही दोन वर्षे लपवून ठेवली होती.

माझे वडील अण्णा, वय ८१. चाकणजवळची आमची जमीन एमआयडीसीत गेली, तिथे आता कारखाना आहे. अण्णा दिवसा बरे असत. दिवेलागणीला मात्र टोपी घालून निघायचे. म्हणायचे, "मोट जुंपायचीय." मोट बंद होऊन पन्नास वर्षे झाली, विहीरही बुजली. आम्ही समजावले, रागावलो, शेवटी बाहेरून कडी लावू लागलो. घरात भाचीचे लग्न ठरत होते. वेडाचे घराणे म्हणून कोणी बोट दाखवू नये, ही धास्ती.

एका रात्री कडी लावायची राहिली. पहाटे तीनला अण्णा नाशिक रस्त्याच्या कडेला सापडले, पाय सोललेले. वाटेत त्यांनी दोघांना शेताची वाट विचारली होती. म्हातारा प्यालेला दिसतो, म्हणून ते पुढे गेले.

मग डॉक्टरकडे गेलो. हा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया. हे वेड नव्हे, मेंदूचा आजार आहे. चाळीत शेवटी भरलेला कांदा आधी निघतो आणि तळाचा राहतो, तसे कालचे जेवण विसरते पण जुनी मोट आठवते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरांत साधारण सात जणांना हा आजार आहे. मात्र थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून आधी रक्त तपासून घ्या.

त्याच सुमारास मुलाने मोबाईलवर 'अस्तु' चित्रपट दाखवला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. त्यात विसराळू झालेले संस्कृत पंडित एका हत्तीमागे निघून जातात. ते काम मोहन आगाशे यांनी केले आहे, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ. माहुताची बायको त्यांना लेकरासारखे सांभाळते. या कामासाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सौभाग्यवती म्हणाली, "तिला ते कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं. आपल्या अण्णांना तर सारा गाव ओळखतो, आणि आपण गावालाच सांगत नाही."

सप्ताहाच्या पंगतीत मी सांगून टाकले. हात थरथरत होते, खोटे कशाला बोलू? जेवणे झाल्यावर एक सूनबाई आमच्या सौ.ला भेटली. तिची सासू दागिने लपवून ठेवायची, मग ते विसरायची आणि सुनेवर चोरीचा आळ घ्यायची. सात वर्षे ती हे सोसत होती. सासू जाऊन वर्ष झाले होते. "म्हणजे त्या मुद्दाम नव्हत्या बोलत?" एवढेच म्हणून ती रडू लागली. आणखी दोन घरांनी आपापली हकीकत सांगितली. एकाने वडिलांच्या खिशात नाव-नंबराची चिठ्ठी ठेवायची युक्ती दिली, ती आम्ही लगेच उचलली. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत फोनही आहे, हे तिथेच कळले.

कारखान्याच्या फाटकावर लातूरकडचा एक पोरगा पहारेकरी आहे. त्यालाही मी सारे सांगून आलो. आता अण्णा तिकडे गेले की तो खुर्ची पुढे करतो. "अण्णा, बसा. बैलांना पाणी दाखवलंय, चहा घ्या," म्हणतो, आणि मला फोन लावतो.