लेस नसलेले बूट

करकरणारी कोल्हापुरी घालून गुपचूप अंगण ओलांडून दाखवा बरं! करर्र, करर्र... आतून आजी विचारणारच, “कोण रे ते?” आता रबरी तळाचे बूट घाला. मांजराची पावलं! इंग्रजीत चोरपावलांनी सटकण्याला ‘स्नीक’ म्हणतात. त्यावरूनच या बुटांना नाव पडलं स्नीकर.

रबर मुळात फार लहरी. उन्हात चिकट व्हायचं, थंडीत तडकायचं. 1839 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला त्यावर तोड सापडली : रबरात गंधक मिसळून तापवायचं. रबराचे रेणू शेवयांसारखे लांबलचक, एकमेकांवरून घसरणारे. गंधक त्यांना मधेमधे टाके घालतं. मग रबर ताणा, सोडलं की पुन्हा जागेवर!

आता तुमचा बूट उलटा करा. (चिखलाचा असेल तर बाहेर जाऊन, नाहीतर घरात माझ्या नावानं ओरडा बसेल.) तळाला उंचवटे दिसले? 1971 च्या सुमारास अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातले धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन अशाच उंचवट्यांच्या शोधात होते. तिथली धावपट्टी नवी, कृत्रिम झाली होती. तिच्यावर लोखंडी खिळ्यांशिवाय पकड घेईल असा हलका तळ त्यांना हवा होता. एकदा नाश्त्याला बायकोनं वॉफल केले. वॉफल म्हणजे चौकोनी खळग्यांचं जाडजूड धिरडंच म्हणा ना. बॉवरमन त्या खळग्यांकडे बघतच राहिले, आणि बायकोच्या वॉफलच्या साच्यात त्यांनी चक्क युरेथेन ओतलं. हे रसायन रबरासारखं घट्ट होतं. तव्याला तेल न लावता धिरडं घातलं तर काय होतं? तेच झालं! साचा जो मिटला तो उघडेचना. लग्नात आलेला होता हो तो! पुढच्या साच्यांतून मात्र तळ जमला आणि नायकी कंपनीचे बूट त्यावर धावू लागले. त्या प्रयोगांतला एक गंजका साचा जवळजवळ 40 वर्षांनी बॉवरमन यांच्या घराच्या आवारातल्या कचऱ्याच्या खड्ड्यात सापडला.

एवढा खटाटोप धावण्यासाठी. मग हे बूट बाजारात, सिनेमाला, ऑफिसात कसे शिरले?

एप्रिल 1980. न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी 11 दिवस संप केला. ऑफिसला मैलोनमैल चालायचं, तेही उंच टाचांवर? छे! बायकांनी ऑफिसच्या झकपक कपड्यांवर सरळ पळायचे बूट चढवले आणि टाचांचे टाकले पिशवीत. संप मिटला, सवय राहिली.

पण माझी आवडती गोष्ट रन-डीएमसीची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या तीन तरुणांचा हा रॅप गट आदिदासचे ‘सुपरस्टार’ बूट घालायचा. बूट बास्केटबॉलचे, बोटं चेंगरू नयेत म्हणून पुढे शिंपल्यासारखं रबरी टोपण. या पठ्ठ्यांनी त्यांच्या लेसच काढून टाकल्या! आता असले बूट घालून बास्केटबॉल खेळा बघू. पहिल्याच उडीत बूट एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. खेळ गेला, उरली नुसती ऐट!

1986 मध्ये त्यांनी या बुटांवर गाणंच केलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भल्यामोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं, बूट वर करा! हजारो बूट हवेत. त्या गर्दीत आदिदासचा एक माणूस बसला होता. लवकरच कंपनीनं या तिघांशी सुमारे 10 लाख डॉलरचा करार केला. आणि तिघांत खेळाडू एकही नव्हता.